शोधफलक : एक दृष्टिक्षेप, एक निष्कर्ष

परिषदेत शोधफलकापुढे वैद्य जेमतेम मिनिटभर थांबतो. आपण मात्र त्यावर संपूर्ण प्रबंध छापतो. माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये सुचविलेली रचना याउलट आहे : मध्यभागी, मोठ्या अक्षरांत, सोप्या भाषेत मुख्य निष्कर्ष; तपशील कडेला.

आम्ही शेणव्याचे. आमच्या शहापूर तालुक्यातून गुळवेल औषधनिर्मात्यांकडे जाते. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असा इशारा आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये दिला. या विषयाच्या फलकावर दहा परिच्छेदांपेक्षा दोन ताज्या खोडांची शेजारी-शेजारी छायाचित्रे अधिक बोलतील : गुळवेलीचे हिरवे, क्रिस्पाचे करडे व गाठीदार. मध्यभागी एवढेच असावे : ‘गाठीदार खोड घेऊ नये.’ औषधालयचालकाने हे वाक्य सोबत नेले, तर रुग्णाचा अपाय टळेल. वैद्यबंधूंनी पुढील फलक या कसोटीवर पारखावा.