15 पैकी 9 आले की पास, पण उरलेले 6?

'लर्निंगचा अभ्यास? अगं, त्याचा कोणी अभ्यास करतं का?' जळगावात हा डायलॉग मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता पाठ झालाय. बँकेतल्या मैत्रिणीपासून रसवंतीवाल्या भाऊंपर्यंत सगळ्यांचं एकमत! दहावीला क्लास, एमपीएससीला क्लास, इंटरव्ह्यूसाठी ग्रूमिंग. आणि लर्निंग लायसन्सला? ते तर 'होऊन जातं'.

खरंच होऊन जातं, हीच तर गोची आहे. जून 2021 पासून महाराष्ट्रात आधार कार्ड वापरून लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. आरटीओची चक्कर नाही की हाफ डे टाकायला नको. नोकरीवाल्यांसाठी सॉलिड सोय! पण परीक्षा घरी म्हटल्यावर घरचे मदतीला धावणारच. धुळ्याला देवपुरात राहणारा माझा मावसभाऊ लगेच म्हणाला, 'ताई, तू नुसती समोर बस. उत्तरं मी सांगतो ना!' त्याला प्रेमाने नको म्हटलं. शिकताना लायसन्सवाला माणूस शेजारी असावाच लागतो, तेव्हा त्याला जरूर बसवणार आहे. पण आयुष्यभर थोडाच बसणार आहे तो?

पेपरचा फंडा

प्रश्न 15, त्यातले 9 बरोबर आले की पास. म्हणजे 60 टक्के. सिलॅबसही छोटासा. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या अकराव्या नियमात तो चार गोष्टींत आटोपलाय. एक, वाहतुकीची चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम. दोन, आपल्या गाडीमुळे कोणाला इजा झाली किंवा कोणाचं नुकसान झालं तर ड्रायव्हरने काय करायचं. तीन, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग कसं ओलांडायचं. चार, गाडीत कोणती कागदपत्रं हवीत.

आता गणित बघा. 15 पैकी 6 चुकले तरी तुम्ही पास. कुठले 6 चुकले, याच्याशी कॉम्प्युटरला देणंघेणं नाही. रस्त्याला मात्र आहे!

खिडकीतून सिलॅबस

म्हणून एक प्रयोग केला. प्रश्नसंच मोबाइलवर घेतला आणि जळगाव-धुळे एसटीत खिडकीची सीट पकडली. पाळधी, एरंडोल, पारोळा करत सुमारे 90 किलोमीटरचा प्रवास. अप-डाउनवाल्या मंडळींचा हा रोजचाच रस्ता.

पहिला प्रश्न जळगाव सोडायच्या आतच भेटला. इथे महामार्ग शहराच्या मधून गेलाय आणि समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोण जाणार? नियम सांगतो, छोट्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येत असाल तर मोठ्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्या. तसा फरक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला. आपल्याकडचं उत्तर? ज्याचा हॉर्न मोठा तो!

पुढे कापसाने फुगलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर चाललेला. डावीकडून ओव्हरटेक करायचं का? पुढची गाडी उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्यावर गेली असेल, तर चालतं. नुसतं 'जागा दिसली' हे कारण प्रश्नसंचात कुठेच नाही.

पारोळ्याच्या पुढे मेंढ्यांचा कळप दिसला आणि मला एकदम आठवला तो प्रश्न, जो वाचून मैत्रिणी खो खो हसल्या होत्या. जनावरं बिथरतील असं वाटून राखणाऱ्याने थांबायला सांगितलं तर? उत्तर सरळ आहे, गाडी थांबवायची. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 132 मध्येच ते लिहिलंय. पुण्या-मुंबईच्या मुलांना हा प्रश्न जोक वाटेल. खान्देशात तो रोजच्या वाटेवरचा आहे.

आणि रेल्वे क्रॉसिंग? ब्रॉडगेजवरची विनाफाटक क्रॉसिंग रेल्वेने जानेवारी 2019 पर्यंत संपवली. आपली लाडकी नॅरोगेज 'पीजे', म्हणजे पाचोरा-जामनेर गाडी, तीही 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. तरी हा विषय सिलॅबसमध्ये आहे आणि उत्तर सोपं आहे. गाडी थांबवा. सोबत क्लीनर किंवा कोणी असेल तर त्याने, नाहीतर स्वतः उतरून दोन्ही बाजूंना बघा. ट्रेन येत नाही याची खात्री झाली की मगच पुढे.

ज्या प्रश्नावर सगळे गप्प होतात

'अपघात झाला तर काय करशील?' हा प्रश्न मी मित्रमैत्रिणींना विचारत सुटले. बहुतेकांचं पहिलं उत्तर एकच होतं, 'निघून जाईन. लोक मारतात ना!'

ही भीती खोटी नाही, आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. कलम 134 सांगतं की जखमीला उपचार मिळतील यासाठी ड्रायव्हरने शक्य ते सगळं करायचं, गरज असेल तर जवळच्या डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलमध्ये न्यायचं. सूट एकाच परिस्थितीत, जमावाच्या रागामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल तर. पण ही सूट गायब होण्याची नाही. पोलिसांना लवकरात लवकर, फार तर 24 तासांच्या आत कळवायचंच. राज्यात 108 वर ॲम्ब्युलन्स मिळते, राष्ट्रीय महामार्गावर 1033 वर मदत मिळते. हे दोन नंबर आत्ताच सेव्ह करा.

आणि गाडी आपली नसेल, आपण फक्त तिथून जात असू तर? 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम 134-ए आलंय. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे 'पोलिसांचं लचांड नको' म्हणून काढता पाय घ्यायचं कारणच उरत नाही. उत्तर चुकलं तर पेपरात एक मार्क जातो. रात्री एरंडोलजवळ एकट्या पडलेल्या बाइकवाल्याचा जीव जाऊ शकतो.

आठवड्याचा प्लॅन

• प्रश्नसंच आणि मॉक टेस्ट परिवहनच्या 'सारथी' वेबसाइटवर आहेत. ज्या भाषेत परीक्षा देणार, त्याच भाषेत वाचा.

• चिन्हं आकाराने ओळखा. लाल किनारीचा गोल म्हणजे हुकूम, लाल किनारीचा त्रिकोण म्हणजे सावधान, निळा चौकोन म्हणजे माहिती. एक तिरकी रेघ म्हणजे 'नो पार्किंग', फुली म्हणजे थांबायचंच नाही.

• लाल दिवा मिचकत असेल तर थांबा, बघा, मग जा. पिवळा मिचकत असेल तर वेग कमी करा.

• लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. ही कागदपत्रं 2018 पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवरही चालतात.

• लर्निंग 6 महिने टिकतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवाच.

मॉक टेस्टमध्ये 9 आले की थांबू नका. चुकलेले प्रश्न वहीत लिहा आणि ऑफिसला जाता-येता ते रस्त्यावर शोधा. 15 पैकी 15 येईपर्यंत हा खेळ चालू ठेवा. नंबर प्लेटवर एमएच 19 असो की एमएच 18, पुढच्या चौकात उरलेल्या सहापैकी नेमका कुठला प्रश्न येईल, ते कोणीच आधी सांगत नाही!