रूप, नाम आणि नाते : पेलिकन वामाचे उदाहरण

एखाद्या वस्तूस नाव देताना आपण तिच्या ठळक रूपाकडे पाहतो. आणि नाव एकदा रूढ झाले की त्यावरूनच तिच्या स्वभावाचा तर्क करू लागतो. भाषाभ्यासकास परिचित असलेल्या या प्रवृत्तीचे एक बोधक उदाहरण खोल समुद्रात सापडते.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हायां यांनी १८८२ साली अटलांटिकमधील एका माशाचे वर्णन करून त्यास 'युरिफॅरिंक्स पेलेकॅनॉइडिस' हे नाव दिले. 'रुंद घशाचा, पेलिकन पक्ष्यासारखा' असा त्याचा अर्थ. सुमारे ५०० ते ३००० मीटर खोलीवर राहणाऱ्या या माशाचे मुख धडाच्या मानाने अवाढव्य असते. शेपटी चाबकासारखी लांब असून तिच्या टोकाशी प्रकाश देणारे इंद्रिय असते. एवढ्या मुखावरून हा मोठमोठे मासे गिळत असावा असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात त्याचे दात अत्यंत बारीक असतात, आणि जठरात प्रामुख्याने लहान कवचधारी प्राणीच आढळतात. म्हणजे हे मुख राक्षसाच्या जबड्याहून कोळ्याच्या जाळ्यास अधिक जवळचे होय. २०१८ साली हवाई बेटांनजीक या जातीचा एक मासा मुख फुग्यासारखे फुगविताना चित्रित झाला. नर प्रौढ झाला की त्याचे दात झडतात व घ्राणेंद्रिय वाढते. त्या अंधारात मादीचा शोध घेण्यास दृष्टीपेक्षा गंधच उपयोगी पडत असावा.

आता नात्याचा प्रश्न. आपल्याकडे समुद्रातील काँगर जातीच्या माशास 'वाम' म्हणतात, आणि नदीतील काटेरी पाठीच्या माशासही तेच नाव लावतात. पण हा दुसरा मासा खऱ्या वामांच्या गणातील नव्हे. उलट पेलिकन वाम दिसण्यात इतका निराळा, की त्यास दीर्घकाळ स्वतंत्र गणात ठेवले गेले. तथापि त्याचे पिल्लू इतर वामांच्या पिल्लांप्रमाणेच पानासारखे चपटे व पारदर्शक असते, आणि अलीकडील जनुकीय अभ्यासानेही त्यास वामांतच स्थान दिले आहे.

शब्दांचेही असेच आहे. 'कर्म'पासून आलेले 'काम' आणि इच्छावाचक संस्कृत 'काम' यांचे रूप एक, पण मूळ भिन्न. 'आज' व 'अद्य' यांचे रूप भिन्न, पण मूळ एक. तात्पर्य, नाते ठरते ते उत्पत्तीच्या इतिहासावरून. रूपसाम्य हा त्या शोधाचा केवळ आरंभ होय, निर्णय नव्हे.