गुन्हा, न्याय आणि सामाजिक हानी : गुन्हेशास्त्राच्या विषयमर्यादेचा प्रश्न

कोणत्याही शास्त्राने आपला अभ्यासविषय प्रथम निश्चित करावा आणि मगच त्याच्या मीमांसेस हात घालावा, अशी सर्वमान्य रीत आहे. गुन्हेशास्त्राची अडचण अशी की, त्याचा विषय त्याने स्वतः ठरविलेला नसून तो विधिमंडळाने ठरवून दिलेला असतो. अमुक एक वस्तू वनस्पती आहे की नाही, हे पाहण्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञाला शासनाचे राजपत्र उघडावे लागत नाही. गुन्ह्याच्या अभ्यासकाला मात्र ते उघडावे लागते. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडसंहितेतील व्यभिचाराविषयीचे 497 वे कलम रद्दबातल ठरविले. आदल्या दिवसापर्यंत जे कृत्य गुन्हा होते, ते त्या दिवसापासून गुन्हा राहिले नाही. कृत्याच्या स्वरूपात, त्याच्या कारणांत वा परिणामांत काडीमात्र फरक पडलेला नव्हता. मग ज्या शास्त्राला कार्यकारणभावाचा शोध घ्यावयाचा आहे, त्याने अशा चंचल पायावर आपली इमारत कशी उभारावी?

हा प्रश्न नवा नाही. 1938 साली थॉर्स्टन सेलिन ह्या समाजशास्त्रज्ञाने तो स्पष्टपणे मांडला होता आणि कायद्याच्या व्याख्येऐवजी समाजातील वर्तननियमांचा भंग हाच अभ्यासाचा विषय मानावा, असे सुचविले होते. परंतु ह्या वादाला खरी धार आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. 1939 च्या डिसेंबरात फिलाडेल्फिया येथे अमेरिकन समाजशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना एड्विन सदरलंड ह्यांनी प्रतिष्ठित व्यक्तींनी आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेल्या गुन्ह्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यांनी योजलेल्या संज्ञेला मराठीत प्रतिशब्द घडविण्याची गरजच पडली नाही. 'पांढरपेशा' हा शब्द आपल्याकडे आधीपासून रुळलेला होता, आणि त्यात एका वर्गाच्या सभ्यतेविषयीचे जे गृहीत दडलेले आहे, नेमक्या त्याच गृहीतावर सदरलंड ह्यांनी बोट ठेवले होते.

सदरलंड ह्यांचा युक्तिवाद वरकरणी दिसतो त्याहून अधिक सूक्ष्म आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करणे इष्ट होईल. दारिद्र्य, मोडकळीस आलेली कुटुंबे, मनोदौर्बल्य ही गुन्ह्याची कारणे होत, असे त्या काळी सर्वत्र शिकविले जाई. ह्या सिद्धान्तांचा आधार काय, तर तुरुंगातील कैद्यांची पाहणी. आता तुरुंगात जर मुख्यतः गरीबच जात असतील, तर कैद्यांच्या पाहणीतून दारिद्र्य हे कारण निघणारच. हा निष्कर्ष गुन्ह्याविषयीचा नसून तुरुंगाच्या दारात चाललेल्या निवडीविषयीचा आहे. म्हणजे सदरलंड ह्यांचा आक्षेप केवळ नैतिक नव्हता. तो नमुनानिवडीतील दोषाविषयीचा, अर्थात पूर्णतः पद्धतिशास्त्रीय होता. आपल्या विद्यार्थ्यांकडून ही गोष्ट वारंवार नजरेआड होते आणि ते सदरलंड ह्यांना केवळ भांडवलदारांचे टीकाकार समजतात.

1949 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अमेरिकेतील 70 मोठ्या कंपन्यांविरुद्ध गेलेल्या निर्णयांची मोजदाद आहे. असे एकूण 980 निर्णय त्यांना आढळले. सरासरीने प्रत्येक कंपनीच्या वाट्यास 14. त्यांपैकी फौजदारी न्यायालयांनी दिलेले निर्णय अवघे 158, म्हणजे सुमारे 16 टक्के. उरलेले सर्व दिवाणी न्यायालयांनी किंवा प्रशासकीय मंडळांनी दिलेले होते. ग्रंथ छापताना प्रकाशकाच्या आणि विद्यापीठाच्या आग्रहावरून कंपन्यांची नावे गाळावी लागली. लेखकाच्या मृत्यूनंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, 1983 साली, नावांसह संपूर्ण आवृत्ती निघाली. ज्यांना न्यायालयाने गुन्हेगार ठरविलेले नाही त्यांना गुन्हेगार म्हटल्यास अब्रुनुकसानीचा दावा होईल, अशी ती भीती होती. आणि वादाचा मुद्दाही नेमका हाच होता.

दिवाणी निर्णयांना गुन्हा म्हणावयाचे कशाच्या बळावर? 1945 च्या एका लेखात सदरलंड ह्यांनी उत्तर दिले की, कृत्य समाजाला हानिकारक असल्याचे कायद्याने सांगितलेले असावे आणि त्यासाठी काही शास्तीची तरतूद असावी. एवढ्या दोन कसोट्या पुरेत. शिक्षा कोणत्या न्यायासनाने केली, हे गौण होय. ह्यावर 1947 साली पॉल टॅपन ह्यांनी कडाडून हल्ला केला. टॅपन हे समाजशास्त्रज्ञ तसेच कायदेपंडितही होते. त्यांचे म्हणणे असे : न्यायालयाने रीतसर पुरावा पाहून दोषी ठरविलेला मनुष्य तेवढा गुन्हेगार. 'समाजविघातक' ह्यांसारखी विशेषणे इतकी सैल आहेत की, अभ्यासकाला जो मनुष्य आवडत नाही त्याला तो गुन्हेगार ठरवून मोकळा होईल. शास्त्राच्या नावाखाली ते प्रचाराचे साधन बनेल. टॅपन ह्यांना प्रस्थापितांचा वकील म्हणून बाजूला सारण्याची प्रथा पुढे पडली. ती अन्यायाची आहे, हे आपण पुढे पाहू.

वादाचा नंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. 1970 साली हर्मन व ज्युलिया श्वेंडिंगर ह्या दांपत्याने मानवी हक्कांचा भंग हीच गुन्ह्याची व्याख्या करावी, असे प्रतिपादन केले. 2004 साली इंग्लंडमधील पॅडी हिलियार्ड, क्रिस्टिना पँटाझिस, स्टीव्ह टूम्ब्स व डेव्हिड गॉर्डन ह्यांनी संपादिलेल्या ग्रंथात याहूनही पुढचे पाऊल टाकलेले आहे. गुन्हा ही कल्पनाच सोडून द्यावी, आणि माणसांना जन्मापासून मरणापर्यंत जी जी शारीरिक, आर्थिक व मानसिक हानी सोसावी लागते तिचा, मग ती गुन्ह्याने होवो वा न होवो, एकत्र अभ्यास करावा, अशी त्यांची भूमिका आहे. ह्या अभ्यासाला त्यांनी 'झीमिऑलॉजी' असे नाव दिले. 'झेमिआ' ह्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुकसान असाही होतो आणि दंड असाही. आपण त्यास 'हानिशास्त्र' म्हणू. 2015 मध्ये सायमन पेंबर्टन ह्यांनी हानीचे आरोग्यविषयक, स्वायत्तताविषयक आणि संबंधविषयक असे तीन वर्ग पाडून तिला मोजमापाच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न केला आहे.

हानिशास्त्राच्या पुरस्कर्त्यांना आपल्या देशात उदाहरण शोधावयास दूर जावे लागणार नाही. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती; वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता. मृतांच्या संख्येविषयी आजही एकमत नाही. इजा झालेल्यांची संख्या सरकारी हिशेबानेच साडेपाच लाखांहून अधिक आहे. 1989 साली 47 कोटी डॉलरांवर दिवाणी तडजोड झाली. फौजदारी खटल्यात सदोष मनुष्यवधाचा आरोप 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने उतरवून हयगयीने मृत्यू घडविण्याच्या कलमावर आणला, आणि 7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची कैद सुनावली. ते तत्काळ जामिनावर सुटले. गुन्ह्यांच्या वार्षिक आकडेवारीत ह्या रात्रीला किती जागा मिळाली असेल? 'क्राइम इन इंडिया' हे 1953 पासून निघत असलेले सरकारी प्रकाशन पोलिसांनी नोंदविलेल्या गुन्ह्यांची गणना करते. एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढा एकच मोजते. ज्या मापाने घरफोडी व एका शहराचा श्वास कोंडणे ही दोन्ही एकेक नोंद म्हणून मोजली जातात, ते माप हानी मोजण्यास निरुपयोगी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

येथवर पाहता सदरलंड व त्यांच्या वारसांची बाजू निर्विवाद वाटू लागते. परंतु आपल्याकडील दुसरे एक प्रकरण ह्या खात्रीला तडा देते, आणि त्याचा विचार इंग्लिश वा अमेरिकन ग्रंथांत फारसा आढळत नाही.

1871 च्या 27 व्या कायद्याने ब्रिटिश सरकारने संपूर्ण जमातींना गुन्हेगार म्हणून घोषित करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश मुलुखास लागू करता येऊ लागला आणि 1924 साली त्याचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात बिनजामिनी गुन्हे पद्धतशीरपणे करण्यास चटावलेली आहे, असे प्रांतिक सरकारला वाटले की अधिसूचना निघे, आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने शंका घेऊ नये, असे कायद्यातच नमूद होते. नावे नोंदविणे, हजेरी देणे, परवान्यावाचून गाव न सोडणे ही बंधने त्या जमातीत जन्मलेल्या मनुष्यावर येत. मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, सोलापूर इत्यादी ठिकाणी कुंपणाआडच्या वसाहती उभ्या राहिल्या. लोकांच्या तोंडी त्यांना 'सेटलमेंट' हेच नाव होते. सोलापूरच्या सेटलमेंटमधील स्त्रीपुरुषांना तेथील कापडगिरण्यांत कामास लावण्यात येई. पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा अशा कित्येक जमातींची नावे ह्या यादीत होती.

आता प्रश्न असा की, हा कायदा कोणत्या तर्कावर उभा होता? दोषसिद्धीच्या तर्कावर खचित नव्हता. शिक्षा न झालेल्या, खटलाही न चाललेल्या माणसांना तो लागू होता. ह्या जमातींपासून समाजाला हानी पोहोचते, ती न्यायालयांच्या जाळ्यात सापडत नाही, म्हणून न्यायालयाबाहेरील उपाय योजले पाहिजेत, असा तो तर्क होता. वाचकांच्या ध्यानी येईल की, न्यायालयाचा निर्णय म्हणजे काही वास्तवाचे संपूर्ण चित्र नव्हे, हे सदरलंड ह्यांचे प्रमेय वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ उपयोगात आणले होते, आणि तेही सर्वांत दुबळ्या माणसांविरुद्ध. ज्याला आपण हानी म्हणतो, ती कोणी ठरवावयाची, हा टॅपन ह्यांचा प्रश्न येथे एकदम जिवंत होतो. टॅपन ह्यांची कसोटी जर त्या काळी पाळली गेली असती, तर एकही जमात त्या यादीत जाऊ शकली नसती.

ह्यावर हानिशास्त्राचे अभ्यासक असे उत्तर देऊ शकतील की, त्या कायद्याने केलेली हानी मोजा. तीच आमच्या शास्त्राचा विषय आहे. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कारण अधिसूचना काढणारा अधिकारीही स्वतःला हानी मोजणाराच समजत होता. दोघांत फरक कोणता, हे केवळ 'हानी' ह्या शब्दातून निष्पन्न होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो फरक सत्तेच्या दिशेत शोधावा लागतो. दोषसिद्धीचा आग्रह हे व्यक्तीचे राज्यसंस्थेपासून संरक्षण करणारे तत्त्व आहे. कोणाला शिक्षा करावयाची असेल तेथे ते ढिले करता कामा नये. उलट, संस्थांनी व कंपन्यांनी केलेल्या नुकसानीचा शोध घेताना तेच तत्त्व अभ्यासकाच्या डोळ्यांवरची झापड बनते. शिक्षेसाठी टॅपन आणि संशोधनासाठी सदरलंड, असा कामचलाऊ विभाग आम्ही आमच्यापुरता स्वीकारला आहे. तो सर्वत्र टिकतो असे नाही. संशोधकाचा अहवाल उद्या पोलिसांच्या हाती पडतो, आणि 'धोक्याचा गट' हा सांख्यिकीतील निरुपद्रवी वाटणारा शब्द ठाण्यातील वहीत जाऊन बसतो, तेव्हा हा विभाग कोसळतो.

ही भीती काल्पनिक नाही. अनंतशयनम् अय्यंगार ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीनंतर तो कायदा 31 ऑगस्ट 1952 पासून रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हटल्या जाऊ लागल्या. पण त्याची जागा निरनिराळ्या राज्यांतील सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा तसा कायदा 1959 चा आहे. कायद्याच्या अक्षरात जमात राहिली नाही, व्यक्ती आली. व्यवहारात संशयाची दिशा बदलली का, ह्याचे उत्तर ज्यांना हवे असेल त्यांनी लक्ष्मण गायकवाड ह्यांचे 1987 साली प्रसिद्ध झालेले 'उचल्या' हे आत्मकथन समाजशास्त्रीय साधन म्हणून वाचावे. आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी, म्हणजे कायदा रद्द झाल्यानंतर 72 वर्षांनी, तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातिनिष्ठ कामवाटप व विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणारे उल्लेख सर्वोच्च न्यायालयाला घटनाबाह्य ठरवावे लागले. इतकी वर्षे ते उल्लेख छापील पुस्तकांत राहिले होते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ह्या विषयावर प्रबंध करावयाचा असेल, त्यांना एक सूचना करावीशी वाटते. मुंबई इलाख्यात ह्या कायद्याच्या अंमलबजावणीचे वार्षिक अहवाल छापले जात. त्यांतील कोष्टके वाचताना किती माणसे नोंदली, किती पळाली, किती शिक्षा झाल्या, हे रकाने सहज सापडतात, आणि आपल्या आधीच्या बहुतेक अभ्यासकांनी तेवढेच उतरून घेतलेले आहेत. त्याच माणसांची मजुरी, त्यांच्या मुलांची शाळा, वसाहतीतील आजारपण आणि परवान्याअभावी हुकलेले लग्न वा अंत्यविधी ह्यांसाठी त्या कोष्टकांत जागा कोठे आहे आणि कोठे नाही, हे आधी कागदावर मांडावे. नंतर अशीच यादी एखाद्या कारखान्यातील अपघातांच्या सरकारी नोंदींसाठी करावी, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून प्रबंधाचा आराखडा आखण्यास बसावे.