सूक्ष्मजंतूंची कोशिकाभित्ती : चालू बांधकामाचे दर्शन

भित्ती म्हटली की दगडविटांची अचल रचना डोळ्यांपुढे उभी राहते. सूक्ष्मजंतूच्या कोशिकेभोवतालच्या वेष्टनास हेच नाव रूढ झाले असले, तरी वस्तुतः ते एक विणलेले जाळे होय. शर्करांच्या साखळ्या आणि त्यांना आडवे सांधणारे अमिनो अम्लांचे आखूड दुवे यांचे ते बनते. त्यास पेप्टिडोग्लायकान म्हणतात. कोशिकेच्या आतील दाब एवढा असतो की, हे जाळे दुबळे झाल्यास ती पाणी शोषून फुगते आणि फुटते.

येथेच एक कोडे उद्भवते. सूक्ष्मजंतूस वाढावयाचे, तर जुने दुवे तोडून नवे धागे गुंफले पाहिजेत. मात्र हे करताना कोठेही भगदाड पडता कामा नये. हे काम प्रत्यक्ष पाहणे दीर्घकाळ दुष्कर होते. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाची जी मर्यादा सांगितली, तिच्यानुसार सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू साध्या प्रकाशात वेगळे दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने भित्तीची जाडी दिसली. परंतु त्यासाठी जंतू मारावा लागे, आणि मृताच्या भित्तीत बांधकाम कोठून दिसणार?

२०१२ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. प्रथिनांत अमिनो अम्लांची एल-रूपे असतात. भित्तीच्या दुव्यांत मात्र डी-रूपेही असतात. अशा डी-रूपास चमकणारा रंग जोडून ते जिवंत जंतूंस पुरविले असता, जेथे बांधणी चालू असते तेथेच ते गुंफले जाते व ती जागा उजळते. विभाजनाच्या वेळी कोशिकेच्या मध्यावर असा तेजस्वी पट्टा दिसतो.

तत्पूर्वी, २०११ मध्ये, बॅसिलस सबटिलिस या दंडाकार जंतूत एमआरईबी या प्रथिनाचे पुंजके दंडाच्या घेराभोवती फिरताना दिसले होते. प्रतिजैविकाने बांधणी थांबविताच त्यांची गतीही थांबली. यावरून ही गती बांधकामातूनच उत्पन्न होते, असा निष्कर्ष निघाला. पुढे २०२० मध्ये शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने स्टॅफिलोकॉकस ऑरियसची भित्ती न्याहाळली. तिची बाहेरील बाजू मोठ्या छिद्रांची व विरळ, तर आतील बाजू दाट विणीची आढळली.

या दर्शनाचे महत्त्व केवळ कुतूहलापुरते नाही. पेनिसिलिन हे दुवे सांधणाऱ्या एंझाइमांस निकामी करते. म्हणजे ते उभी भिंत पाडीत नाही, तर चालू विणकाम बिघडविते. म्हणूनच ज्या जंतूची वाढ थांबली आहे, त्यावर त्याचा प्रभाव फारसा पडत नाही. स्टॅफिलोकॉकसच्या काही वाणांनी तर पेनिसिलिनास सहजी न बधणारे सांधणारे एंझाइम मिळविले आहे. अशा जंतूंवर नवे औषध शोधावयाचे, तर विणकाम कोठे व कोणत्या क्रमाने चालते, हे प्रथम पाहावे लागेल.