परदेशगमन आणि वैद्यकीय तपासणी

गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील प्रतापगडाजवळ, नोर्ग्येलिंग नांवाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ सालीं वसली. तेव्हां हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत होता. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं वेगळा झाला. अमेरिकेनें १९९० च्या कायद्यान्वयें भारत व नेपाळ येथील एक हजार तिबेटी निर्वासितांस कायम वास्तव्याचे परवाने देऊं केले. अशा परवान्याच्या वाटेवर वैद्यकीय तपासणीचें दार लागतें. मनुष्य वसाहतींतला असो वा शेजारच्या खेड्यांतला असो, तें ओलांडल्याशिवाय त्याची सुटका नाहीं.

ही चाल नवी नव्हे. अमेरिकेनें १८९१ सालीं घातक सांसर्गिक रोग असलेल्यांस कायद्यानें प्रवेश नाकारला. पुढें न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर डॉक्टर उतारूंच्या पापण्या उलटून खुपऱ्यांचा शोध घेत, आणि दोष आढळलेल्यांस समुद्र ओलांडून परत जावें लागे. आतां ही तपासणी निघण्यापूर्वींच होते.

ती कोणत्याही डॉक्टराची चालत नाहीं. ज्या देशांत जावयाचें त्याच्या सरकारनें मान्य केलेल्या डॉक्टराकडेच जावें लागतें. ते मुंबई, दिल्ली यांसारख्या मोठ्या शहरांत असतात. गोंदियाहून मुंबई रेल्वेनें सुमारें हजार किलोमीटर. पासपोर्ट, टोचलेल्या लसींची नोंद व जुन्या आजारांचे कागद घरीं राहिले तर एवढी खेप फुकट जाते. अमेरिकेसाठीं पंधरा व त्यांहून अधिक वयाच्या सर्वांच्या छातीचा एक्स-रे काढतात. दोन ते चौदा वर्षांच्या मुलांचें रक्त क्षयासाठीं तपासतात.

लोकांस सर्वांत मोठी धास्ती या क्षयाचीच असते. एक्स-रेंत शंका आल्यास तीन दिवस थुंकी घेतात. तींत जंतु वाढतात कीं काय, हें कळण्यास सुमारें आठ आठवडे लागतात. रोग ठरला तरी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन हे देश केवळ तेवढ्यावरून दार कायमचें लावीत नाहींत. उपचार पुरा करावयास सांगतात. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. म्हणजे येथें प्रश्न विलंबाचा आहे. आखाती देशांचे नियम मात्र अधिक कडक असून तेथें जुना व्रणही आड येऊं शकतो.

म्हणून पूर्वींचा क्षय लपविण्यांत शहाणपण नाहीं. फुप्फुसावरील व्रण एक्स-रेंत बहुधा उमटतो. त्या वेळीं पुऱ्या उपचाराचा दाखला हातीं असला तर तोच साक्षीदार होतो. नसला तर संशय वाढतो.

पूर्व विदर्भांत सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. तो रक्तांतून वारशानें येणारा दोष आहे, संसर्गाचा नव्हे; एवढ्यावरून अमेरिका कोणास वैद्यकीय कारणानें नाकारीत नाहीं. कॅनडा मात्र उपचाराच्या खर्चाचाही विचार करतो. नियम बदलतातही : एचआयव्हीची बंदी अमेरिकेनें जानेवारी २०१० मध्यें उठविली.

ज्याचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे, त्यानें परदेशच्या डॉक्टराची वाट पाहूं नये. सरकारी दवाखान्यांत थुंकीची तपासणी व क्षयाचें औषध विनामूल्य मिळतें. परवाना मिळो वा न मिळो, वेळीं घेतलेल्या औषधानें घरांतील मुलांबाळांचें रक्षण तरी होईल.