टॅग नसलेल्या फ्रेमचा मुक्काम

टॅगचं महत्त्व जालनेकराला वेगळं सांगावं लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव झालं. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग, पायाभूत बियाण्याला पांढरा; टॅग पाहिला की माल कळतो. संगणकांच्या नेटवर्कमध्येही असेच टॅग लावतात. नेटिव्ह व्हीलॅनचा प्रश्न त्यापुढचा आहे: टॅगच नसेल, तर माल कुठे लावायचा?

एमआयडीसीतली एखादी रोलिंग मिल डोळ्यांसमोर आणा. एक स्विच ऑफिसात, दुसरा गेटजवळ वजनकाट्याच्या केबिनमध्ये. दोन्हींवर हिशेबाचे संगणकही आहेत आणि कॅमेरेही. व्हीलॅन म्हणजे यंत्रांचा क्रमांक दिलेला वेगळा गट; हिशेबाला व्हीलॅन १० आणि कॅमेऱ्यांना २० दिला की एकाच स्विचवर असूनही दोघे एकमेकांना दिसत नाहीत. पण स्विच जोडणारी केबल एकच, तिला ट्रंक म्हणतात. तिच्यावरून दोघांचा माल जातो, म्हणून स्विच फ्रेममध्ये, म्हणजे माहितीच्या प्रत्येक पाकिटात, पाठवणाऱ्याच्या पत्त्यामागोमाग चार बाइटचा टॅग घालतो. पलीकडचा स्विच त्यातला क्रमांक वाचतो, टॅग काढतो आणि फ्रेम त्या गटाच्या पोर्टवर सोडतो.

ही पद्धत ८०२.१क्यू या मानकाने १९९८ मध्ये ठरवली. तेव्हा टॅग न समजणारे हब आणि स्विच जागोजागी बसलेले होते. त्यांच्याकडून येणाऱ्या कोऱ्या, म्हणजे टॅग नसलेल्या, फ्रेमा टाकून दिल्या असत्या, तर तेवढी यंत्रं नेटवर्कबाहेर पडली असती. म्हणून ट्रंक पोर्टवर एक व्हीलॅन नेटिव्ह धरतात. कोरी फ्रेम आली की ती त्याची. आणि त्याची फ्रेम बाहेर जाताना कोरीच जाते. हा दुसरा भाग पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. घोटाळे तिथेच होतात.

समजा, ऑफिसच्या टोकाला नेटिव्ह १० आणि काट्याच्या टोकाला २० लावला. ऑफिसातून हिशेबाची फ्रेम कोरी निघते आणि काट्यावरचा स्विच तिला कॅमेऱ्यांच्या गटात सोडतो. केबल शाबूत, दिवे लुकलुकतायत, पण काट्याच्या संगणकाला ऑफिसातून उत्तर येत नाही, आणि बाहेर भंगाराच्या ट्रकची रांग वाढत जाते. दोन्ही स्विच सिस्कोचे असले तर सहसा ते आपसात क्रमांक ताडून सूचना देतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे असले, तर अनेकदा तेवढाही आधार नसतो.

दुसरा धोका मुद्दाम घातलेल्या घावाचा. नेटिव्ह व्हीलॅनमध्ये बसलेला माणूस एका फ्रेमला दोन टॅग लावून पाठवतो. पहिला स्विच नेटिव्ह क्रमांकाचा बाहेरचा टॅग काढतो, आतला तसाच राहतो, आणि पुढचा स्विच तो वाचून फ्रेम परक्या गटात पोचवतो. उत्तर त्याच वाटेने परत येत नाही. पण नुकसान करायला एकेरी वाटही पुरते.

म्हणून ट्रंकवर नेटिव्ह व्हीलॅन रिकामाच असावा, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक स्विचवर तो मुळात १ असतो. त्याऐवजी ९९९ सारखा क्रमांक द्यावा, ज्यात एकही यंत्र नाही. मात्र त्याआधी त्या केबलवर कोऱ्या फ्रेमा कोण पाठवतं ते शोधावं. वायफायचे ॲक्सेस पॉइंट पुष्कळदा स्वतःचा कारभार टॅगशिवाय चालवतात. त्यांच्या पोर्टवर हा बदल केला की ते दिसेनासे होतात. आणि ऑफिसात बसून बदल करायचा असेल, तर आधी काट्याच्या टोकाचा क्रमांक बदलावा, मग जवळचा. उलट केलं, तर लॅपटॉप घेऊन केबिनपर्यंत चालत जावं लागू शकतं.