मानधनाचा रकाना

वृक्षलागवडीच्या अनुदानाचा अर्ज भरताना पहिला प्रश्न ठरलेला: रोपं किती? परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात भजनी मंडळ आणि शाहिरांसोबत असा अर्ज लिहिताना हेच दिसतं. खड्डे, रोपं, काटेरी कुंपण, टँकर यांचा खर्च भराभर मांडला जातो. भारुड, कीर्तन, पोवाडा मात्र ‘इतर’मध्ये जातात. तिथे मी अडून बसतो. मानधनाला वेगळा रकाना हवा.

कायद्याची त्याला हरकत नाही. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातला किमान २ टक्के भाग सामाजिक कामासाठी (सीएसआर) द्यावा लागतो. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पर्यावरण आहे, तशा पारंपरिक कलाही आहेत. अडचण कागदांची असते. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी आणि प्राप्तिकर सवलतीची १२ए, ८०जी प्रमाणपत्रं हवीत. हलगीवाल्याकडे जीएसटीचं बिल कुठून येणार? त्याच्या नावाचं व्हाउचर करायचं, सही घ्यायची, रक्कम पाच हजारांवर गेली तर महसुली तिकीट लावायचं. हे आधी ठरवून घेतलं नाही, तर हिशेबाच्या वेळी कलावंताचेच पैसे अडकतात.

मग येते प्रयोगाची संहिता. सह्याद्रीतलं सदाहरित जंगल सिरसाळ्याच्या माणसाला आपलं का वाटावं? भारुडात पाण्याची वाट सांगितली की पारावरची माणसं सरसावून बसतात. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, जायकवाडीला अडते आणि पैठणच्या उजव्या कालव्यातून तिचं पाणी माजलगाव धरणात येतं. घाटमाथ्यावरची झाडं पाऊस जमिनीत जिरवतात. डोंगर उघडा पडला की माती वाहते आणि धरणात गाळ होऊन बसते. बाया लगेच विचारतात, मग आपल्या माळावर काय लावायचं? वड, पिंपळ, कडुनिंब, करंज ही उत्तरं गावातूनच येतात.

खरी कसरत वेळापत्रकाची. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते गाव सोडतात. परततात तोवर उन्हाळा लागलेला असतो. इकडे देणाऱ्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं जातं. म्हणून एक प्रयोग पोळ्याच्या सुमारास आणि दुसरा टोळ्या परतल्यावर, असे दोन हप्ते आम्ही मागतो. पहिल्या प्रयोगात रोपं घरांना वाटून द्यायची, दुसऱ्यात जगलेली मोजायची. मधल्या महिन्यांत पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा मान त्याच मंचावर करायचा.

संस्कृतीने जंगल राखल्याचे दाखले आपल्याकडे आहेत. माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला. देवाच्या नावाने राखलेल्या त्या राया पिढ्यान् पिढ्या टिकल्या होत्या. बीडजवळच्या पालवणला फेब्रुवारी २०२०मध्ये अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने वृक्ष संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपद वडाला दिलं होतं.

निधी देणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. एका वर्षाऐवजी तीन उन्हाळ्यांचा करार करा. रोपं थोडी कमी चालतील, पण त्यांची गोष्ट सांगणाऱ्याचं मानधन कापू नका. करार संपल्यावर त्या झाडावर कुऱ्हाड पडू न देणारं गाव तोच उभं करत असतो.